परदेशातल्या मंडळीकडे रिकाम्या हातांनी जा

मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, वार्षिक सभेत परदेशातल्या भागीदार मंडळीला भेट द्यायचा ठराव आला की वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, सात-आठ जणांच्या विमान तिकिटांचा पैसा तसाच तिकडे पाठवला तर त्यांच्या शाळेचं छप्पर होईल. दुसरी बाजू म्हणते, आपण जाऊ, भिंती रंगवू, मुलांचं शिबिर घेऊ, काहीतरी करून येऊ. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, पण दोघांनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते : देणारे आपण आणि घेणारे ते. भेटी फसतात त्या नेमक्या इथे. ज्या गटाला आपला विश्वास खोल व्हावा असं वाटतं त्याने पाहुणा म्हणून जावं, घ्यायला जावं, आणि भेटीची आखणीच अशी करावी की घेण्यावाचून गत्यंतर राहू नये.

हे ऐकायला आपमतलबी वाटेल. कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण पवित्र शास्त्रात पाठवलेल्या माणसांना दिलेल्या सूचना पाहा. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांना दोघा-दोघांनी पाठवतो तेव्हा पिशवी, झोळी, वहाणा घेऊ नका म्हणतो. ज्या घरात जाल तिथेच राहा, घरं बदलत फिरू नका आणि समोर वाढतील ते खा असं सांगतो. शांतीचा संदेश सांगायचा आणि रोगी बरे करायचे हे काम त्यांच्याकडे होतं, पण त्या दिवशीच्या जेवणासाठी आणि झोपायच्या जागेसाठी ते यजमानावर पूर्ण अवलंबून होते. पाठवणाऱ्याने ही अडचण मुद्दाम ठेवली होती.

दोन मंडळ्यांमधल्या भागीदारीचा सर्वांत जुना तपशीलवार नमुनाही नव्या करारातच सापडतो, आणि भेटीचं नियोजन करणाऱ्या प्रत्येक कमिटीने तो हिशेबवहीसारखा वाचायला हवा. पहिल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात प्रेषित पौलाने मासेदोनिया आणि अखया या ग्रीक प्रांतांतल्या मंडळ्यांकडून यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पद्धत सांगितली आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे काही बाजूला ठेवावं, म्हणजे ऐन वेळी गोळा करायची धावपळ नको. रक्कम नेणारी माणसं मंडळीने स्वतः पसंत करावीत आणि त्यांना पत्रं देऊन पाठवावं. दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौलाचा सहकारी तीत याच्याबरोबर आणखी एक बंधू दिला आहे, मंडळ्यांनी निवडलेला. मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये हे कारणही पौल उघड सांगतो. आणि प्रेषितांची कृत्ये २०:४ मध्ये पौलाबरोबर निघालेल्या सात जणांची नावं गावांसकट दिली आहेत : बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकाचे अरिस्तार्ख आणि सकूंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आणि आशियातले तुखिक व त्रफिम.

या मंडळ्यांनी पैसा पाठवला, त्याचबरोबर माणसं पाठवली. यरुशलेमेतल्या यहूदी ख्रिस्ती लोकांना परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, विश्वासणारे बहुतेक ऐकूनच माहीत होते. आता ते चेहऱ्यांनिशी दारात उभे राहणार होते. रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल या व्यवहाराचा अर्थ सांगतो : परराष्ट्रीय हे यरुशलेमेचे ऋणी आहेत, कारण आध्यात्मिक गोष्टी त्यांना तिथून मिळाल्या. म्हणजे देणाऱ्यांनी आधी घेतलेलं होतं. त्याच अध्यायात तो रोमच्या मंडळीला प्रार्थना करायला सांगतो की, ही सेवा यरुशलेमेतल्या पवित्र जनांना मान्य व्हावी. देणगी नाकारली जाईल ही धास्ती पौलालाही होती. ज्या कमिट्यांना वाटतं की आपण काहीही नेलं तरी समोरचे आनंदाने घेतील, त्यांनी या एका ओळीवर थांबावं. रोमच्या भेटीबद्दल लिहिताना तर पहिल्या अध्यायात तो म्हणतो की तुम्हांला काही आध्यात्मिक दान द्यावं म्हणून यायची उत्कंठा आहे, आणि लगेच पुढच्या वाक्यात ते सावरून घेतो : म्हणजे तुमच्या-माझ्या विश्वासाने आपल्याला एकमेकांपासून उत्तेजन मिळावं.

पुढच्या शतकांत हे एकमेकांपासून घेणं मागे पडलं. मिशनच्या काळात पैसा, पाद्री आणि निर्णय एका दिशेने गेले, आणि कृतज्ञतेची पत्रं दुसऱ्या दिशेने आली. १९१० साली एडिंबर्गच्या जागतिक मिशन परिषदेत सुमारे बाराशे प्रतिनिधी होते, त्यांत आशियातले वीसही नव्हते. त्यांपैकी एक, वेदनायगम सॅम्युएल अझराया, पुढे १९१२ मध्ये अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले. त्यांनी परिषदेला सांगितलं की तुम्ही गरिबांना अन्न दिलंत, प्राणही वेचलेत, आता आम्हांला प्रेम द्या, मित्र द्या. सभागृहातल्या अनेकांना ते झोंबलं. १९६३ साली टोरांटोच्या अँग्लिकन काँग्रेसमध्ये परस्पर जबाबदारी आणि परस्परावलंबनाचा जाहीरनामा निघाला आणि वेगवेगळ्या देशांतल्या धर्मप्रांतांच्या (एकेका बिशपच्या हाताखालच्या मंडळ्यांच्या) जोड्या जुळू लागल्या. १९७१ मध्ये केनियाचे प्रेस्बिटेरियन पुढारी जॉन गाटू यांनी परदेशी मिशनरी आणि पैसा काही काळ थांबवा अशी मागणी केली. आपल्या पायांवर उभं राहायला अवधी हवा हे त्यांचं म्हणणं होतं. १७९५ मध्ये स्थापन झालेल्या लंडन मिशनरी सोसायटीची वारस असलेल्या कौन्सिल फॉर वर्ल्ड मिशनने १९७७ मध्ये रचनाच बदलली, आणि जिथे मिशनरी जात त्या देशांतल्या मंडळ्यांना निर्णयाच्या टेबलावर बरोबरीची जागा दिली. ज्याला आज आपण भागीदारी म्हणतो ती या मागण्यांतून आली आहे. भिंत रंगवायला निघालेल्या गटाला हा इतिहास माहीत नसेल तर तो नकळत १९१० च्याही मागे जातो.

आता मूळ मुद्दा : अशा भेटीत विश्वास खोल होतो तो कशामुळे? नवा देश पाहिल्याने होत नाही. गरिबी पाहून गहिवरल्यानेही होत नाही. तो गहिवर विमानतळापर्यंत टिकतो आणि बऱ्याचदा 'देवाने आपल्याला किती दिलं आहे' या समाधानावर संपतो. हे समाधान मला धोक्याचं वाटतं, कारण त्यात दुसऱ्याची ओढगस्त आपल्या आभारप्रार्थनेचं साहित्य होऊन बसते. खोली येते ती आपल्या विश्वासातली आंधळी जागा दुसऱ्या विश्वासणाऱ्यामुळे उघडी पडते तेव्हा. त्यासाठी सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे एकच शास्त्रभाग दोन मंडळ्यांनी समोरासमोर बसून वाचणं.

याचं एक नोंदवलेलं उदाहरण फार बोलकं आहे. एका अमेरिकी नवा करार अभ्यासकाने सेमिनरीच्या (पाळक घडवणाऱ्या शाळेच्या) शंभर विद्यार्थ्यांना उधळ्या पुत्राची, म्हणजे वाटणी घेऊन दूर देशी गेलेल्या आणि कंगाल होऊन घरी परतलेल्या मुलाची, गोष्ट वाचून, पुस्तक मिटून, पुन्हा सांगायला लावली. त्यांपैकी फक्त सहा जणांनी त्या देशात पडलेल्या दुष्काळाचा उल्लेख केला. पुढे हाच प्रयोग रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये पन्नास जणांवर केला, तेव्हा बेचाळीस जणांना दुष्काळ आठवला. त्या शहराने दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४४ चा वेढा आणि उपासमार भोगली आहे. अमेरिकी वाचकांच्या दृष्टीने मुलगा रस्त्यावर आला तो उधळपट्टीमुळे. रशियन वाचकांच्या दृष्टीने त्याला भुकेने गाठलं. टांझानियातल्या वाचकांनी तिसरंच कारण पुढे केलं : त्याला कोणी काही दिलं नाही. तिन्ही गोष्टी लूकच्या त्याच उताऱ्यात, दोन-तीन वचनांच्या अंतरात लिहिलेल्या आहेत. आयुष्यभर शेकडो वेळा ऐकलेल्या दृष्टांतातलं एक वाक्य आपल्याला दिसलंच नव्हतं, हे कळणं धक्कादायक असतं. पश्चात्तापाविषयी, परिस्थितीच्या माराविषयी, शेजाऱ्याच्या जबाबदारीविषयी आपण जे ठाम बोलत होतो ते पुन्हा तपासावं लागतं. घरी बसून भाष्यग्रंथ वाचून हे होत नाही असं नाही. पण समोरची व्यक्ती दुष्काळाबद्दल पुस्तकातून बोलत नसते, म्हणून तिचं म्हणणं टाळता येत नाही.

असं वाचन आपोआप होत नाही, बसवावं लागतं. भेटीच्या दोन महिने आधी दोन्ही मंडळ्यांनी मिळून चार ते सहा उतारे ठरवावेत. कथा घ्याव्यात, पत्रांतले गुंतागुंतीचे युक्तिवाद दुभाष्याच्या हातात निम्मे सांडतात. रूथची गोष्ट, विहिरीजवळची शोमरोनी स्त्री, द्राक्षमळ्यातले मजूर (उशिरा आलेल्यांनाही पूर्ण मजुरी मिळते तो दृष्टांत), कर्नेल्याच्या घरी गेलेला पेत्र हे उतारे चांगले चालतात. दोन्ही मंडळ्यांनी आपापल्या ठिकाणी ते आधी वाचून चर्चा करावी आणि मुद्दे लिहून ठेवावेत, म्हणजे भेटीत पाहुण्यांच्या भिडेने कोणी मत बदलणार नाही. प्रत्यक्ष बैठकीत आठ ते दहा माणसं पुरे, त्यांत निम्मे यजमान. दीड तास धरावा. उतारा दोन्ही भाषांत मोठ्याने वाचायचा, मग पुस्तकं मिटून गोष्ट पुन्हा सांगायची, मग तीनच प्रश्न : कोणती गोष्ट खटकली, या गोष्टीतला कोण माणूस आमच्या गल्लीत राहतो, आणि हे खरं असेल तर या आठवड्यात आम्ही काय करावं. बोलायचा क्रम महत्त्वाचा आहे. यजमान मंडळीतल्या स्त्रिया आणि तरुण आधी, मग बाकीचे यजमान, मग पाहुणे, आणि दोन्हीकडचे पाळक सर्वांत शेवटी. पाळकसाहेब आधी बोलले की बैठक संपली असं समजावं. पुढचे सगळे त्यांच्या म्हणण्याला मान डोलावतात.

दुभाष्यालाही थोडी दया दाखवायला हवी. अर्ध्या तासाच्या संदेशाला दुभाषी असेल तर बोलणाऱ्याच्या वाट्याला पंधरा मिनिटं येतात. लिखाण दोन दिवस आधी त्याच्या हातात द्यावं, वाक्य पूर्ण करून थांबावं, कोट्या आणि कविता वगळाव्यात, शास्त्रवचनांचे संदर्भ आधी सांगावेत म्हणजे तो आपल्या भाषेतल्या बायबलमधून वाचेल, तिथल्या तिथे भाषांतर करत बसणार नाही. दिवसभर एकाच माणसाला राबवलं तर तिसऱ्या दिवशी तो तीन वाक्यांचं एक वाक्य करतो. दोन दुभाषी हवेतच. आणि माझं स्पष्ट मत असं की पाहुण्या गटाने पहिल्या रविवारी संदेश देऊच नये. उपासनेला बसावं, ऐकावं. यजमान मोठ्या आग्रहाने व्यासपीठ देतात, कारण पाहुण्याचा मान राखायचा असतो. तो मान दुसऱ्या रविवारी घ्यावा, तोवर सांगण्यासारखं काहीतरी हाती आलेलं असतं.

दुसरं साधन घरी राहणं. हॉटेल किंवा मिशनचं अतिथिगृह सोयीचं असतं, पण तिथे पाहुणे रात्री एकमेकांशीच बोलतात आणि दिवसभराचा अर्थ आपल्याच भाषेत, आपल्याच समजुतींत लावून मोकळे होतात. निदान तीन-चार रात्री दोघा-दोघांनी यजमान कुटुंबात काढाव्यात. या रात्रींमध्ये विश्वासाची रोजची बाजू दिसते : कुटुंबाची प्रार्थना कोण चालवतो, आजाऱ्याचं नाव कितव्यांदा घेतलं जातं, पैशाची चणचण असताना दानार्पणाचं पाकीट आधी वेगळं काढलं जातं की शेवटी. यजमान बहुधा आपला पलंग पाहुण्याला देतील आणि स्वतः जमिनीवर झोपतील. पाहुण्याला संकोच होईल, तो नको नको म्हणेल. त्याने म्हणू नये. हा पलंग घेता येणं हीच त्या भेटीतली कठीण साधना आहे. कृपा फुकट मिळते असं आपण दर रविवारी म्हणतो, पण परतफेड न करता येणारी साधी गोष्ट घ्यायची वेळ आली की आपला हात आखडतो. तसंच प्रार्थनेचं. गटातल्या प्रत्येकाने एखाद्या संध्याकाळी यजमानांना आपली खरी विनंती सांगावी आणि त्यांना आपल्यावर हात ठेवून प्रार्थना करू द्यावी. 'आमच्याकडे सगळं ठीक आहे, तुमच्यासाठी प्रार्थना करतो' हे वाक्य भागीदारी एका क्षणात मोडतं.

आता जे बिघडतं त्याकडे. सर्वांत जास्त नुकसान खासगी मदतीने होतं. ते कसं होतं हे पायरीपायरीने सांगायला हवं, कारण करणाऱ्याचा हेतू नेहमी चांगलाच असतो. पाहुणा एका कुटुंबात राहतो, मुलाच्या फीची अडचण कळते, निघताना तो पाकीट देतो किंवा 'मी बघतो' एवढंच बोलतो. आठवडाभरात बातमी मंडळीत पसरते. ज्यांच्याकडे पाहुणे उतरले नव्हते त्यांना वाटतं, यादी कोणी केली? पाळकाकडे बोट जातं. पुढच्या भेटीत कोणाच्या घरी कोण उतरणार यावर ओढाताण सुरू होते. मदत दुसऱ्या वर्षी थांबते तेव्हा मुलगा अर्ध्यावर लटकतो, आणि कुटुंबाला वाटतं आपल्याच हातून काही चुकलं. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक सदस्याकडून लेखी हमी घ्यावी : वैयक्तिक पैसे, फोन, लॅपटॉप, शिष्यवृत्तीचं वचन, परदेशात बोलावण्याचं वचन, यांतलं काहीही नाही. कोणी मागितलंच तर उत्तर ठरलेलं असावं : हे मी तुमच्या कमिटीच्या आणि आमच्या कमिटीच्या कानावर घालतो. पैसा द्यायचा असेल तर तो कमिटीकडून कमिटीच्या खात्यावर जावा, दोन सह्यांनी निघावा, पावती आणि हिशेब दोन्ही मंडळ्यांत वाचला जावा, आणि भेटीच्या तारखांपासून निदान काही महिने दूर राहावा. भेटीच्या दिवशीच धनादेश दिला की पाहुणचाराचं मोल ठरल्यासारखं होतं. पौलाने दोन हजार वर्षांपूर्वी घेतलेली खबरदारी याहून वेगळी नव्हती.

बांधकामाचे प्रकल्प हाही असाच विषय. अकुशल हातांनी घातलेली वीट पुन्हा काढावी लागते, आणि गावातल्या गवंड्याची त्या आठवड्याची मजुरी जाते. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये घरं बांधायला गेलेल्या उत्तर अमेरिकी गटांचा पुढे अभ्यास झाला. परदेशी गटांनी बांधलेली घरं आणि स्थानिक ख्रिस्ती संस्थांनी बांधलेली घरं यांच्या तिथल्या कुटुंबांवरच्या परिणामात विशेष फरक सापडला नाही. गेलेल्यांनी आपलं दान वाढल्याचं सांगितलं, पण प्रत्यक्ष नोंदींत तशी वाढ जवळजवळ दिसली नाही. भेटीने विश्वास खोल होतो म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष झटकून टाकू नये. मी तो गांभीर्याने घेतो, आणि त्यातून माझा अर्थ असा की एकदा जाऊन काम करून येणं पुरत नाही. जाण्याआधी आणि आल्यानंतर काही रचना नसेल तर अनुभव विरून जातो.

मुलांच्या बाबतीत तर कोणतीही सवलत नको. अनाथाश्रमात दोन दिवस खेळायला जाणं गटांना फार आवडतं. तिथल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात, आणि सतत येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना बिलगून पुन्हा सुटणं मुलांना इजा करतं. हा कार्यक्रम वगळावा. संडे स्कूलमध्ये गेलात तरी कोणी मोठा माणूस मुलासोबत एकटा राहणार नाही, नेहमी दोघे, आणि ओळखीच्या यजमान शिक्षकांसमोर. मुलाचा फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू नये; काढला तर नाव आणि ठिकाण टाकून पसरवू नये. प्रार्थनेत रडणाऱ्या माणसाचा फोटो तर परवानगी मागूनही काढू नये.

तयारीला नऊ महिने ते एक वर्ष लागतं. गट सहा ते आठ जणांचा असावा. त्याहून मोठा असला की यजमानांची अख्खी मंडळी स्वयंपाकात आणि गाड्या शोधण्यात अडकते. निवड मंडळीने करावी, तिकीट परवडतं एवढ्यावर ती होऊ नये. वेगवेगळ्या वयाचे, निदान दोघे तिशीच्या आतले, आणि कोणीतरी आधी जाऊन आलेलं. मुक्काम दहा ते चौदा दिवसांचा, म्हणजे दोन रविवार मिळतात. पहिले दोन दिवस वेळेच्या फरकाने झोप विस्कटलेली असते, त्यात बैठका ठेवू नयेत. दर तीन दिवसांनी अर्धा दिवस मोकळा सोडावा, यजमानांसाठीही. यजमानांनी पाठवलेला कार्यक्रम बहुतेक वेळा ठासून भरलेला असतो, कारण कोणत्याच शाखेला नाराज करायचं नसतं. त्यातल्या एक तृतीयांश गोष्टी कमी करायची विनंती आपण करावी, पण काय कापायचं ते त्यांनी ठरवावं.

कागदपत्रांत चुका होतात त्या ठरावीकच. पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने शिल्लक असावी, अनेक देश ती मागतात. व्हिसाचा प्रकार जाण्याच्या खऱ्या कारणाशी जुळणारा हवा. काही देशांत उपदेश करणं किंवा शिकवणं पर्यटक व्हिसावर चालत नाही, तिथे यजमान मंडळीचं अधिकृत निमंत्रणपत्र आणि वेगळा अर्ज लागतो. 'पर्यटक म्हणून टाका, कोण विचारतं' असा सल्ला मिळेल. तो घेऊ नये; पकडले गेल्यावर परत पाठवतील ते आपल्याला, पण चौकशी मागे राहणाऱ्या मंडळीची होईल. जिथे धर्मप्रसारावर कायद्याचे निर्बंध आहेत तिथे काय बोलायचं, कुठे बोलायचं, समाजमाध्यमांवर काय टाकायचं याचा शब्द यजमानांचा.

आरोग्याची तयारी प्रवासाच्या निदान सहा आठवडे आधी डॉक्टरांकडे जाऊन सुरू करावी. पीतज्वराची लस लागणार असेल तर तिचा दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतो. २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. मलेरियाच्या गोळ्या परत आल्यावरही घ्यायच्या असतात, औषधाप्रमाणे आठवडाभर किंवा चार आठवडे, आणि घरी आल्यावर त्या सोडून देणं ही नेहमीची चूक. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. विम्यात आजारी माणसाला हलवण्याचा खर्च धरलेला असावा. इतकं करूनही कोणीतरी आजारी पडेलच. फिलिप्पैच्या मंडळीने पौलाकडे पाठवलेला एपफ्रदीत मरणाच्या दारापर्यंत गेला होता, आणि आपल्या आजाराची बातमी घरी कळली म्हणून तो अधिक कष्टी होता. पौलाने त्याला परत पाठवताना मंडळीला सांगितलं की त्याचा मान राखा. मदत करायला गेलेला माणूस अंथरुणाला खिळून यजमानांची सेवा घेतो, तेव्हा भेट वाया गेली असं गटप्रमुखाने अजिबात मानू नये.

परतल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत फोटोंचा कार्यक्रम होतो आणि विषय मिटतो. पौल आणि बर्णबा अंत्युखियास परतले तेव्हा त्यांनी मंडळी एकत्र जमवून देवाने काय केलं ते सांगितलं, आणि मग ते शिष्यांजवळ बराच काळ राहिले. हे राहणं गटाच्या वेळापत्रकात आधीच लिहून ठेवावं. सहा महिने, महिन्यातून एकदा गट भेटेल. तेच उतारे आता आपल्या मंडळीतल्या वेगवेगळ्या घरांत वाचले जातील, तिकडची मतं शेजारी ठेवून. दर रविवारच्या मध्यस्थीच्या (इतरांसाठी करायच्या) प्रार्थनेत भागीदार मंडळीची नावानिशी, ताजी विनंती असेल, आणि ती विनंती त्यांनीच पाठवलेली असेल. ज्याने तिथल्या मजुराच्या तोंडून द्राक्षमळ्याचा दृष्टांत ऐकला त्याने आपल्या घरी आणि धंद्यात काम करणाऱ्यांच्या पगाराकडे पाहिलं का, हा प्रश्न गटातल्या सोबत्यांनी त्याला विचारायचा. विश्वास खोल झाला की नाही हे अशाच ठिकाणी दिसतं, साक्षीच्या भाषणात नाही.

'तेच पैसे पाठवा' म्हणणाऱ्यांना माझं उत्तर असं आहे. भूकंप, पूर, उपासमार असेल तर त्यांचं बरोबर आहे. तिकिटं रद्द करा आणि पैसे पाठवा. एरवी दोन्ही रकमा एका थैलीतून काढूच नयेत. भेट ही शिक्षणाची बाब आहे, मंडळीच्या प्रशिक्षणाच्या खर्चात आणि जाणाऱ्यांच्या खिशातून तिचा खर्च निघावा. गरिबांच्या निधीतला एक पैसाही तिकिटाला जाऊ नये. आणि मंडळीत ज्याला पैशाअभावी जाता येत नाही त्याच्यासाठी निदान एक जागा मंडळीने भरावी.

या सगळ्यातली सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे उलटी भेट. बहुतेक भागीदाऱ्यांमध्ये श्रीमंत बाजू तीनदा जाऊन येते आणि दुसरी बाजू एकदाही येत नाही. कारण पैशाइतकंच व्हिसाचं असतं. मंडळीच्या तरुण, अविवाहित, कमी उत्पन्नाच्या सभासदाचा अर्ज 'परत जाईल याची खात्री नाही' म्हणून फेटाळला जातो, आणि मग दर वेळी बिशप किंवा पाळकच येतात. यावर उपाय कष्टाचे आहेत, पण आहेत. अर्ज प्रवासाच्या तीन-चार महिने आधी करायचा. निमंत्रणपत्रात तारखा, मुक्कामाचा पत्ता, खर्च कोण करणार, आणि मंडळ्यांचं नातं कोणत्या सालापासून आहे हे स्पष्ट लिहायचं. प्रत्येकाच्या नोकरीचं, शिक्षणाचं, कुटुंबाचं प्रमाणपत्र, रजेचं पत्र आणि बँकेचं विवरण जोडायचं. अर्जाच्या आदल्या दिवशी खात्यात अचानक मोठी रक्कम भरायची नाही, ती संशय वाढवते. आधीच्या भेटीतले लोक मुदतीत परतल्याचे पुरावे जपून ठेवायचे. नकार आला तर कारण वाचून, उणीव भरून पुन्हा अर्ज करायचा, आणि लागणारं शुल्क बोलावणाऱ्या मंडळीने भरायचं.

पाहुणे आल्यावर त्यांना प्रेक्षणीय स्थळं दाखवत फिरवू नये. आपल्या मंडळीची खरी अवस्था दाखवावी : रिकामे बाक, वृद्ध सभासद, तुटलेली कुटुंबं, आपण कोणाला आत घेत नाही ते. कमिटीच्या बैठकीत बसवावं, ताळेबंद दाखवावा, आणि शेवटी त्यांना आपल्याविषयी काय दिसलं ते सभेसमोर बोलायला सांगावं. म्हणून पुढच्या वार्षिक सभेत भेटीचा ठराव आला की त्याच ठरावात दुसरं कलम घालून घ्यावं : आपल्या गटाच्या तिकिटांइतकीच रक्कम त्यांच्या येण्यासाठी त्याच दिवशी वेगळ्या खात्यात जमा होईल आणि ती दुसऱ्या कशालाही वापरता येणार नाही. एवढी रक्कम जमत नसेल तर जाणाऱ्यांची संख्या आठाची चार करावी.